घोड्यासकट राहता कुठे?

पुण्याहून मावशीचा फोन आला की तब्येत, पाऊस आणि भाज्यांचे भाव उरकल्यावर ती हळूच विचारते, "काय गं, अजून जातेस का ते घोडं घेऊन? आणि रात्री राहता कुठे? लॉजवाले घेतात घोड्याला?" अमेरिकेत इंडियाना राज्यातली आपली मंडळी हेच जरा सभ्यपणे विचारतात. ऑक्टोबरात पानगळीचे रंग बघायला ती ब्राउन काउंटी स्टेट पार्कात येतात आणि मी घोड्यावरून रस्ता ओलांडताना सापडते. मुलांना बाळूच्या मानेवरून हात फिरवायचा असतो, फोटो होतात, आणि मग एखादे काका किंवा वहिनी विचारतातच, "पण घोड्यासकट राहायच्या जागा तुम्हाला सापडतात कशा?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

आधी बाळूची ओळख. मिसूरी फॉक्स ट्रॉटर जातीचा, चौदा वर्षांचा, चालायला झोपाळ्यासारखा. विकत घेतला तेव्हा नाव 'बडी' होतं. घरात मराठी ऐकून ऐकून आठवड्याभरात त्याचा बाळू झाला. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा, म्हणजे आपल्याकडचा पंचकल्याणी. मी कोलंबस गावात आले ती नवऱ्याच्या कमिन्स या इंजिनांच्या कंपनीतल्या नोकरीमुळे. कंपनीचं मुख्यालय इथे आहे, त्यामुळे इंडियानाच्या या छोट्या गावात कोथरूडच्या गल्ल्या पाठ असलेली माणसं भेटतात. घोड्यावर बसण्याचा तोवरचा माझा अनुभव म्हणजे माथेरानला दस्तुरी नाक्यापासून बाजारापर्यंत, तोही डोळे मिटून. बाकी सगळं मला शेजारच्या बाईंनी शिकवलं. त्या सत्तरीच्या आहेत, आणि त्यांच्या घरात तीन पिढ्या घोडे आहेत.

अमेरिकेत तंबू ठोकायच्या जागांना तोटा नाही. घोडं पेंड खातं ते एका वाक्यापाशी: 'हॉर्सेस अलाउड'. नवख्या माणसाला वाटतं, चला, झालं काम. पण बहुतेक वेळा याचा अर्थ एवढाच असतो की दिवसा पायवाटेवर घोडा चालेल. संध्याकाळी त्याला ट्रेलरमध्ये, म्हणजे ट्रकमागे जोडलेल्या घोड्याच्या गाड्यात, चढवा आणि घरी जा. रात्री राहू देणारी जागा वेगळी. तिला 'हॉर्स कॅम्प', 'हॉर्समेन्स कॅम्प' किंवा 'इक्वेस्ट्रियन कॅम्पग्राउंड' म्हणतात, आणि शोधताना हेच शब्द टाकायचे असतात. फेडरल सरकारच्या रिक्रिएशन डॉट गव्हवर घोड्यांच्या जागा वेगळ्या निवडून बघता येतात. स्टेट पार्कांचं बुकिंग ज्या त्या राज्याकडे. आमच्या इंडियानात ते सहा महिने आधी उघडतं, आणि ऑक्टोबरातले शनिवार-रविवार भराभर उडतात.

ब्राउन काउंटी हे आमचं माहेरघर. १९२९ साली सुरू झालेलं, सुमारे १६ हजार एकरांचं, राज्यातलं सगळ्यात मोठं स्टेट पार्क. घोडेवाल्यांसाठी जवळपास ७० मैलांच्या वाटा आहेत, आणि छावणी तर इतकी वेगळी की तिचं फाटकसुद्धा निराळं. विजेची सोय असलेल्या जागा मिळतात, बिनविजेच्याही मिळतात. जवळच हूझियर नॅशनल फॉरेस्टात चार्ल्स डीम वाइल्डरनेसला लागून ब्लॅकवेल हॉर्स कॅम्प आहे. तिथे सोयी बेताच्या, पण गर्दी नको असेल तर मी तिकडेच जाते. जरा लांब जायचं तर ग्रेट स्मोकी माउंटन्सच्या नॅशनल पार्कात घोड्यांचे पाच कॅम्प आहेत आणि घोड्यांना खुल्या असलेल्या वाटा सुमारे ५५० मैल. कॅम्प मात्र चिमुकले, एकेका ठिकाणी मोजक्याच जागा.

आता माझी फजिती सांगते. केंटकीतल्या मॅमथ केव्ह नॅशनल पार्कात मेपल स्प्रिंग्ज नावाची छावणी आहे, घोड्यांसाठी खास जागा असलेली. पहिल्यांदा गेले तेव्हा जागा राखून ठेवली, कागद तयार केले, गवताच्या गासड्या भरल्या, आणि रस्ता फोनवर सोपवून निवांत निघाले. फोनने मला इमानेइतबारे ग्रीन रिव्हरच्या काठावर नेऊन उभं केलं. समोर नदी, आणि पलीकडे जायला गाड्या वाहून नेणारी तर, म्हणजे फेरी बोट. त्या तरीवर ट्रेलरला परवानगीच नाही. पार्कच्या माहितीत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. मीच वाचलं नव्हतं. पाण्याकडे उतरत जाणारा रस्ता, मागे गाड्यांची रांग, ट्रक-ट्रेलर मिळून ४० फूट, आणि मागे फिरायला जागा आखूड. मागच्या गाडीतल्या आजोबांनी खाली उतरून रस्ता अडवला आणि हातवारे करत मला इंचाइंचाने बाहेर काढलं. आतून बाळू खुरांनी ट्रेलर बडवत होता. पार्कच्या व्हिजिटर सेंटरपासून मेपल स्प्रिंग्ज तरीने सहा मैलांवर आहे आणि रस्त्याने वळसा घालून ३५ मैलांवर. पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता.

तेव्हापासून मी कुठेही जायच्या आधी फोन करते, आणि पहिला प्रश्न घोड्याचा नसतोच, ट्रेलरचा असतो. आत शिरल्यावर सरळ पुढून बाहेर पडता येतं का, की रिव्हर्समध्ये लावावा लागतो? वळणं किती अरुंद? शेवटचे दोन मैल खडीचे की डांबराचे? संकेतस्थळावरच्या सूर्यास्ताच्या फोटोंतून यातलं काहीही कळत नाही.

पण खरी पारख मी काय विचारते त्याची नाही, कॅम्पवाले मला काय विचारतात त्याची आहे. हे शेजारच्या बाईंनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं आणि मी ते अर्थातच ठेच लागल्यावर शिकले. एका खासगी कॅम्पवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "हो हो, आणा की! किती आणताय? आणा!" एकही प्रश्न नाही. मला वाटलं, काय मोकळा माणूस आहे. जाऊन बघते तर घोडा ठेवायच्या वाड्याला काटेरी तार, फळीतून बाहेर आलेले खिळे, आधीच्या घोड्यांची लीद तशीच पडलेली. सामायिक हौदावर एक घोडी पाणी पीत उभी होती, नाकातून पिवळट शेंबूड वाहणारी. घोड्यांना घशाच्या गाठी येण्याचा एक रोग होतो, त्याला इथे 'स्ट्रँगल्स' म्हणतात. एका हौदावर तोंड घातलं तरी तो पसरू शकतो. बाळूला ट्रेलरमधून खाली उतरवलंच नाही. पैसे गेले. दोन तास गाडी हाकत रात्री साडेअकराला घरी आलो.

घोड्यांचं ज्याला खरंच कळतं तो माणूस आधी 'कॉगिन्स' मागतो. ही रक्ताची तपासणी. कॉर्नेल विद्यापीठातल्या डॉ. लिरॉय कॉगिन्स यांनी १९७० च्या सुमारास शोधलेली, म्हणून हे नाव. घोड्यांना संसर्गजन्य रक्तक्षयाचा एक विषाणू होतो. मोठ्या चावऱ्या माश्या तो एका घोड्याकडून दुसऱ्याकडे नेतात. त्यावर औषध नाही आणि इथे लसही नाही. लागण झालेल्या घोड्याला एक तर मारतात, नाही तर जन्मभर इतर घोड्यांपासून किमान दोनशे यार्ड लांब एकटा ठेवतात. म्हणून बहुतेक ठिकाणी बारा महिन्यांच्या आतला निगेटिव्ह दाखला लागतो. राज्याची हद्द ओलांडायची तर त्याच्या जोडीला डॉक्टरने घोडा तपासून दिलेलं आरोग्य प्रमाणपत्रही लागतं, आणि ते साधारण तीस दिवसच चालतं. दाखल्यावर घोड्याची खूण म्हणून अंगावरचे पांढरे पट्टे नोंदतात. बाळूचे चार पाय आणि कपाळ टिपून घेताना आमचे डॉक्टर पुटपुटतात, "एवढं पांढरं कशाला घेतलंस?" त्यांना पंचकल्याणीचं महत्त्व मी दोनदा समजावून सांगितलंय. उपयोग नाही.

तर फाटकावर कोणी कागद मागितला की मला आता बरं वाटतं. तो कॅम्पात माझ्या शेजारी उतरलेल्या घोडेवाल्यालाही मागितला असणार.

दुसरा प्रश्न ते विचारतात, "बांधणार कसा?" आपल्याकडे आगाडी-पिछाडी हा शब्द आता फक्त बोलण्यात उरलाय, पण तो मुळात पागेतला: पुढचा दोर आणि मागच्या पायांचे दोर, खुंट्यांना बांधलेले. इथे जंगलातल्या छावणीत 'हायलाइन' बांधतात. दोन झाडांच्या मध्ये घोड्याच्या डोक्याच्या वर, साधारण सात फुटांवर ताठ दोर, आणि त्याला मोहरकीचा दोर असा की घोड्याचं तोंड गवतापर्यंत पोचेल पण त्यात पाय अडकणार नाही. झाडाला दोर थेट आवळायचा नाही, खाली रुंद पट्टा घालायचा, नाही तर साल सोलून निघते. काही कॅम्पांत झाडाला बांधायला पूर्ण बंदी असते आणि त्यासाठी वेगळे खांब रोवलेले असतात. काही ठिकाणी लोखंडी पाइपांचे वाडे, काही ठिकाणी छपराखालचे ठाण. बाळूला वाडा आवडतो, कारण त्यात लोळता येतं. तुमचा घोडा घरी कधी हायलाइनवर रात्रभर उभा राहिला नसेल तर त्याला पहिला धडा परक्या जंगलात देऊ नका. आधी चार रात्री परसात बांधून बघा, झोपमोड होईल ती घरच्या घरी होऊ दे.

झाड कोणतं हेही बघावं लागतं. इंडियानात रेड मेपल पावलोपावली, शरदात दिसतं अप्रतिम. पण त्याची गळून सुकत चाललेली पानं घोड्याने खाल्ली तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, जिवावर बेततं. रानटी चेरीची कोमेजलेली पानंही तशीच विषारी. काळ्या अक्रोडाचा भुसा पायाखाली अंथरला तर काही तासांत खुरांना सूज येते. लोक रंग बघायला येतात, मी खाली वाकून पानं झाडत असते.

पाण्याचं एक सांगते, कारण हे कोणी विचारत नाही आणि घोडे आजारी पडतात ते इथेच. घोड्याला दिवसाला तीसेक लिटर पाणी लागतं, उन्हात जास्त. पण परक्या नळाच्या पाण्याचा वास वेगळा आला की तो हट्टी नवऱ्यामुलासारखा तोंड फिरवतो. पाणी कमी, कोरडं गवत मात्र दिवसाला नऊ-दहा किलो, की आतडं तुंबतं आणि पोटशूळ उठतो. लोक घरून पाणी नेतात, काही जण बादलीत सफरचंदाचा रस घालतात. मी गूळ घालते, इंडियन दुकानातला कोल्हापुरी. प्रवासाच्या आठवडाभर आधीपासून घरच्या पाण्यात किंचित गूळ, मग कॅम्पच्या पाण्यातही तेवढाच. बाळूला वाटतं घरचंच आहे. हौदाला तोंड लावू देत नाही, बादली आमची, तोबरा आमचा, खरारासुद्धा आमचाच. आणि थंडीत जाणार असाल तर नळ चालू आहेत का ते विचारा, गोठू नयेत म्हणून कित्येक ठिकाणी ते बंद करून ठेवतात. नोव्हेंबरात आणखी एक: हरणांची संख्या आटोक्यात ठेवायला काही स्टेट पार्कं शिकारीसाठी काही दिवस बंद असतात. जंगलात गेलातच तर भडक नारिंगी जाकीट घाला आणि घोड्यालाही घाला.

पश्चिमेकडे निघालात तर गवताचाही दाखला लागतो, खरंच. तिकडच्या बऱ्याच फेडरल जमिनींवर तणाचं बी नसल्याचं प्रमाणित गवतच चालतं, कारण घोड्याच्या लिदीतून परकं तण डोंगरभर रुजतं. नॉर्थ डकोटात थिओडोर रूझवेल्ट नॅशनल पार्कमध्ये घोडेवाल्या गटांसाठी 'राउंडअप' नावाची छावणी आहे. तिथे जायचं माझं कधीचं मनात आहे. आधी गवताचा पुरवठादार शोधायचा, मग सुट्टी मागायची, असा त्याचा क्रम आहे.

आणि लिदीचा खड्डा. नव्या कॅम्पात शिरल्यावर मी आधी तो बघते, न्हाणीघर नंतर. एक घोडा दिवसाला वीस किलोच्या वर लीद टाकतो. खड्डा जवळ असेल, हातगाडी आणि पंजा तिथेच ठेवलेला असेल आणि हातगाडीचं चाक फिरत असेल, तर समजावं की ही जागा घोडे पाळणाऱ्या माणसाने बांधली आहे. उरलेलं सगळं बहुधा ठीक निघतं.

मागच्या मे महिन्यात अशाच एका छावणीत फोन केला. पलीकडच्या बाईंनी कागद, ट्रेलर, बांधणं सगळं विचारलं आणि शेवटी म्हणाल्या, "एकटाच येतोय का तो?" शेजारच्या बाईंचा गुडघा दुखत होता, त्यामुळे त्या वेळी खरंच एकटा होता. घोडा कळपातला प्राणी, एकट्याने परकी रात्र त्याला जड जाते. त्या म्हणाल्या, "मग तुम्हाला सात नंबर देते. आठमध्ये एक म्हातारी घोडी आहे, शांत आहे." बाळू उतरल्यावर एकदाच जोरात खिंकाळला. पलीकडून तिने उत्तर दिलं. मग दोघंही खाली मान घालून गवतात शिरले.

रात्री दहाला फोन वाजला. त्या छावणीत चक्क रेंज होती. पुण्यात सकाळचे साडेसात, मावशीचा चहा.

"मिळाली का जागा त्याला?"

"मिळाली."

"कसला गं आवाज येतोय?"

"बाळू खातोय."

"एवढ्या रात्री?"

"रात्रभर खातात गं ते."

"अगंबाई," मावशी म्हणाली, "मग तू झोपतेस कधी?"