मास्क बरोबर, तरी केसांभोवती पांढरी कड: गिंपमधला माझा अनुभव

फ्लेक्ससाठी फोटोतला माणूस पार्श्वभूमीपासून वेगळा करायचं काम मी गिंपमध्ये (फोटो सुधारण्याचं मोफत सॉफ्टवेअर) करतो. खांदे, शर्ट, हात यांचं काही विशेष नाही. पाथ टूलने (बिंदू जोडत रेघ आखायचं साधन) कड आखायची, तिचं सिलेक्शन म्हणजे निवड करायची, लेयरवर (चित्राच्या थरावर) राइट-क्लिक करून 'अॅड लेयर मास्क', त्यात 'सिलेक्शन'. मास्क म्हणजे लेयरवरचा पडदा: पांढरा असेल तिथे चित्र दिसतं, काळा असेल तिथे लपतं, करडा असेल तिथे अर्धवट दिसतं. झालं. सगळा वैताग केसांचा. पाथने कापले तर माणसाने टोप घातल्यासारखा दिसतो.

म्हणून मी लेयरच्या दोन प्रती ठेवतो. वरची अंगाची, पाथच्या मास्कची; तिची कड केसांच्या थोडी आतूनच नेतो. खालची फक्त केसांची. मागे पांढरी भिंत आणि केस काळे असतील तर खालच्या लेयरला मास्क देताना 'ग्रेस्केल कॉपी ऑफ लेयर' निवडा आणि तिथेच 'इन्व्हर्ट मास्क'वर खूण करा. केस उजळ होतात, भिंत काळपट. मग मास्कवर 'लेव्हल्स' (उजेड-काळोख कमीजास्त करायची सोय): काळा स्लायडर भिंत पूर्ण काळी होईपर्यंत उजवीकडे, पांढरा स्लायडर थोडाच डावीकडे. पांढरा जास्त ओढला की बारीक बटा जाड, करवतीसारख्या दिसतात.

इथवर मास्क चोख असतो. तरीही गडद रंगावर ठेवला की केसांभोवती पांढरी कड चमकतेच. बहुतेक जण इथे पुन्हा मास्कच घासत बसतात, आणि त्यात बटाच पुसल्या जातात. दोष मास्कचा नसतोच. केस एका पिक्सेलपेक्षा (चित्रातल्या सगळ्यात लहान ठिपक्यापेक्षा) बारीक असतो, त्यामुळे त्या पिक्सेलमध्ये केसाचा काळा आणि भिंतीचा पांढरा आधीच मिसळलेला असतो. मास्क तो पिक्सेल अर्धा पारदर्शक करतो, पण त्यातला पांढरा रंग तसाच राहतो.

उपाय लेयरच्या चित्रावर करायचा. लेयरच्या यादीत मास्कऐवजी चित्राच्या थंबनेलवर (छोट्या चित्रावर) क्लिक करा. ब्रश घेऊन कंट्रोल-क्लिकने शेजारच्याच केसांचा रंग उचला, ब्रशचा मोड 'डार्कन ओन्ली' (फक्त उजळ भाग गडद करणारा), ओपॅसिटी म्हणजे रंगाचा दाटपणा 20 ते 30, आणि मऊ ब्रशने कडेवरून हळूहळू फिरवा. बाहेर गेला तरी बिघडत नाही, तिथे मास्क काळाच आहे. पांढरेपणा जातो, बटा राहतात. पांढरे केस असतील तर ही युक्ती चालत नाही. तिथे फोटो गडद भिंतीसमोर काढायला सांगणंच बरं.

फोटो व्हॉट्सअॅपवर मागवताना 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा, म्हणजे तो दाबून लहान होत नाही, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. दाबून लहान झालेल्या जेपेगमध्ये केसांच्या कडेला रंगांचे चौकोन उमटतात, ते कशानेच जात नाहीत.

मास्कवर रंगवताना आधी 'डी' दाबा, म्हणजे शुद्ध काळा-पांढरा मिळतो. जवळपास काळ्या करड्याने रंगवलं तर पार्श्वभूमीची पुसट छाया उरते. स्क्रीनवर कळत नाही, फ्लेक्सवर कळते. ती शोधायला सगळ्यात खाली भडक लाल लेयर टाका. नुसता मास्क पाहायचा तर त्याच्या थंबनेलवर ऑल्ट-क्लिक. लिनक्सवर ऑल्ट कधी कधी विंडो हलवण्यातच अडकतो, तेव्हा मेन्यूतून 'शो लेयर मास्क'. काम एक्ससीएफमध्ये (गिंपचा स्वतःचा फाइल प्रकार) सेव्ह करा आणि 'अप्लाय लेयर मास्क' दाबू नका, त्याने मास्क चित्रातच मिसळून जातो. गिऱ्हाइकाने पार्श्वभूमी बदलली की कडेचा रंग पुन्हा जुळवावा लागतो, आणि त्यासाठी मास्क शाबूत हवा.