इष्टिकाचितीचं पृष्ठफळ शिकवताना: आधी खोका, मग सूत्र

आठवीच्या ‘पृष्ठफळ व घनफळ’ प्रकरणात मुलं गुणाकाराला अडत नाहीत, आकृतीला अडतात. फळ्यावरच्या खोक्याची तीनच पृष्ठं दिसतात, म्हणून तिघांची बेरीज करून मुलं मोकळी होतात. शिवाय बाजूचं पृष्ठ फळ्यावर तिरकं काढावं लागतं, त्यामुळे ते आयत आहे हेच पटत नाही. काही जण तर पट्टी घेऊन आकृतीतली तिरकी कडा मोजतात. म्हणून पहिल्या तासाला मी फळ्यावर काही काढत नाही. टूथपेस्टचे, साबणाचे, औषधांचे रिकामे खोके आदल्या दिवशी आणायला सांगतो आणि चौघांत एक वाटतो. ‘इष्टिकाचिती’ हा शब्द ऐकून वर्ग जरा गार पडतोच. इष्टिका म्हणजे वीट, एवढं सांगितलं की काम भागतं.

खोका फाडायचा नाही, उलगडायचा. चिकटवलेली उभी कड अलगद सोडवली की चार आयतांची पट्टी मिळते आणि दोन्ही टोकांना झाकणं लोंबतात. आता कात्री. चिकटवण्यासाठी ठेवलेली अरुंद पट्टी, झाकणाची आत खोचायची जीभ आणि टोकांचे छोटे कान कापून टाकायचे. हे राहिलं तर क्षेत्रफळ जास्त भरतं आणि पुढे सूत्राशी मेळ बसत नाही. सगळं कापल्यावर नेमके सहा आयत उरले पाहिजेत. बाराच्या बारा कडा मोजून घेतल्या तर पाच ठिकाणी घडी राहिलेली असते आणि सात कडा सुट्या झालेल्या असतात. एखाद्या गटाची घडण, म्हणजे उलगडून सपाट झालेला आकार, शेजारच्या गटापेक्षा वेगळी दिसली तर ती चूक ठरवू नये. साध्या घनाच्याही ११ वेगवेगळ्या घडणी होतात.

मग सारख्या आयतांना सारखा रंग. वर-खाली लाल, पुढे-मागे निळा, डावी-उजवी हिरवा. तीन रंग, प्रत्येकाचे दोन आयत. २ × (लांबी × रुंदी + रुंदी × उंची + लांबी × उंची) या सूत्रातला २ इथून आला, हे मुलं स्वतःच म्हणतात. रंगवण्यात दहा मिनिटं जातात, पण वर्षभर ‘सर, दोननं का गुणायचं?’ ऐकावं लागत नाही. क्षेत्रफळ पडताळायला १ सेमीचे चौकोन असलेला आलेख कागद द्यावा. चौकटीच्या वहीतले चौकोन बहुधा त्याहून लहान असतात आणि मुलं तेच मोजून चौसेमी लिहितात.

आकडे निवडताना मात्र जपायला हवं. टूथपेस्टचा एक खोका १८ × ५ × ४ सेमी भरला. तिन्ही मापं एकमेकांना गुणली तर येतात ३६०. खरं पृष्ठफळ २ × (९० + २० + ७२) = ३६४ चौसेमी. म्हणजे ज्यानं घनफळ काढलं त्याला वाटतं की मोजण्यात जरा इकडेतिकडे झालं! चूक झाकून टाकणारा खोका पहिल्या दिवशी नको. १५ × ४ × ३ घेतला तर पृष्ठफळ २३४ आणि गुणाकार १८०, फरक लगेच डोळ्यांवर येतो. घनाच्या उदाहरणातही ६ सेमीची बाजू टाळतो. तिथे दोन्ही उत्तरं २१६ येतात आणि कोणी काय काढलं ते वही उघडल्याशिवाय कळत नाही.

उभ्या पृष्ठांचं पृष्ठफळ शिकवायला मात्र तोच १८ × ५ × ४ चा खोका उत्तम. चार आयतांची पट्टी हा एकच लांब आयत आहे. त्याची एक बाजू तळाची परिमिती, दुसरी उंची. खोका आडवा ठेवला तर ४६ × ४ = १८४. तोच उभा केला तर १८ × १८ = ३२४. एकूण पृष्ठफळ ३६४ च राहतं, उभी पृष्ठं बदलतात. तळ कोणता ते ठरवल्याशिवाय ‘उंची’ या शब्दाला अर्थ नाही, हे इथे खोका हातात फिरवूनच कळतं.

बिनझाकणाच्या डब्यात हमखास घोळ होतो. २० × १५ × १० सेमीच्या डब्याचं एकूण १३०० चौसेमी. झाकण ३०० चं, म्हणून पत्रा १००० चौसेमी. बरीच मुलं ३०० दोनदा वजा करतात, कारण ‘जोडी’ डोक्यात पक्की बसलेली असते. खोली रंगवण्यात उलट होतं, फरशीही रंगवली जाते. ४ × ३ × ३ मीटरच्या खोलीच्या भिंती ४२ चौमी, छत १२. त्यातून २ चौमीचं दार आणि दीड चौमीची खिडकी वजा करून ५०.५. खिडकीचं माप सेमीत दिलं की आणखी एक सापळा: १ चौमी म्हणजे १०० नव्हे, १०,००० चौसेमी.

शेवटी काडेपेटी देतो. बाहेरच्या आवरणाला चारच पृष्ठं, आतल्या खणाला पाच. एकूण नऊ, आणि कोणतंही पाठ केलेलं सूत्र सरळ लागू पडत नाही. आवरण खणापेक्षा मिलिमीटरभर मोठं असतं, ते सोडून द्यायला सांगतो. आवरण उलगडल्यावर पाचवी पट्टी दिसली तर घाबरायचं नाही, ती चिकटवण्यासाठी आहे.