कर्ज फिटलं, पण बोजा उतरला नव्हता

जुनी गाडी पसंत पडली, पाच हजार टोकन देऊन बसलो आणि मग डोकं चालवलं. आधी चालवायला हवं होतं.

विकणारे काका सांगलीवाडीचे. म्हणाले, "मी दुसरा मालक." घरी येऊन एमपरिवहन ॲपवर एमएच १० चा नंबर टाकला तर तिसरा मालक! नावात निम्मी अक्षरं, निम्म्या चांदण्या. फोन केला तर काका हसले, "मधला माझा पुतण्याच ओ, घरातल्या घरात नाव बदललंय." ते खरं निघालं. पण खाली कर्जाचा बोजा दिसत होता, तो काही हसण्यावारी न्यायचा नव्हता.

काका कपाटातून बेबाकीचा दाखला घेऊन आले. चक्क लॅमिनेट केलेला. कर्ज कधीच फिटलेलं. आरसीवरचा बोजा उतरवायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्याला फॉर्म ३५ लागतो, दोन प्रती, कर्ज देणाऱ्याच्या सही-शिक्क्यासह.

कर्ज एका पतसंस्थेचं. दिलेल्या पत्त्यावर गेलो तर बोर्डाच्या खिळ्यांची भोकं तेवढी शिल्लक. खालच्या चहावाल्यानं सांगितलं, शाखा तासगावला गेली. काकांना मागं बसवून तासगाव. मॅनेजर मीटिंगला. पुढच्या खेपेला मॅनेजर होते, पण खातं जुन्या रजिस्टरात आणि रजिस्टर मुख्य कार्यालयात. तिसऱ्या खेपेला फॉर्म भरून मिळाला. बाहेर येऊन वाचला तर गाडीच्या नंबरात ६ च्या जागी ९. परत आत. क्लार्क नवा फॉर्म काढायच्या आधी माझ्याकडं असं बघत होता, जणू मीच कर्ज बुडवलंय.

मग शिक्का. पॅड वाळलेलं. त्यानं शिक्क्यावर तीनदा 'हाः' करून फुंकर मारली आणि दाबला. पहिल्या प्रतीवर झकास उठला, दुसरीवर फक्त 'मर्यादित'. मी म्हटलं, "साहेब, परत मारा की." तर म्हणे, "चालतंय ओ." नाही चालत. आरटीओत खिडकीवरून ती प्रत तशीच परत आली. एका शिक्क्यासाठी चौथी खेप! या वेळी स्टॅम्प पॅड गणपती पेठेतून विकत घेऊन गेलो. ते तिथंच ठेवून घेतलं त्यांनी.

पुढं गाडी नावावर करायचे फॉर्म २९, ३० वगैरे सुरळीत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

हां, ई-चलान बघायचं राहिलंच होतं. दोन निघाली, काकांनी भरली. विकणाऱ्याचा नोंदवलेला मोबाइल चालू आहे का तेही आधी विचारा, ओटीपी तिकडंच जातो. आणि आपल्या भागात एक प्रश्न हमखास: २०१९ च्या ऑगस्टात गाडी कुठं होती? महापुराचं पाणी आरसीवर दिसत नाही. मी सीटखालचं मॅटिंग उचलून, बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितला. चिखलाची रेघ नव्हती. त्या आठवड्यात गाडी विट्याला पाहुण्यांकडं होती म्हणे.

बोजा उतरल्याचं ॲपवर दिसलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. बायकोला उठवून दाखवलं. ती म्हणाली, "बरं झालं. गाडी कुठाय?"

गाडी काकांच्या अंगणात, महिनाभर उभी राहून बॅटरी बसलेली.