वय कसं तपासायचं, हे शेवटी

मुलं वापरतात अशा ॲपचं बालहक्क-मूल्यमापन, म्हणजे त्या ॲपचा मुलांच्या हक्कांवर काय परिणाम होतो याची तपासणी, हाती घेतलं की पहिल्याच बैठकीत विषय निघतो, ‘वय कसं तपासायचं?’ मी तो मुद्दाम शेवटी ठेवते. आधी एकेक सुविधा कागदावर घ्यायची: अनोळखी माणसाचे मेसेज, लोकेशन, ऑटोप्ले, रात्रीची नोटिफिकेशनं. पुढे दोन रकाने. धोका कोणता, आणि ती बंद केली तर मुलाचा कोणता हक्क जातो? संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातली कलमं इथे उपयोगी पडतात: १३ अभिव्यक्ती, १६ खासगीपणा, १७ माहिती, ३१ खेळ. दुसरा रकाना रिकामा राहिला की ‘बंद करून टाका’ एवढंच उत्तर उरतं.

बरंचसं काम डिफॉल्ट, म्हणजे ॲपमध्ये आधीपासून लावलेली सेटिंग्ज, बदलून होतं. प्रोफाइल खासगी, लोकेशन आणि ऑटोप्ले बंद, हे सरसकट सगळ्यांनाच लावलं तर कुणाचं वय विचारायची गरजच नाही.

उरलेल्यासाठी वय लागतं, आणि गोची तिथेच आहे. चेहऱ्यावरून केलेला अंदाज काही वर्षं इकडेतिकडे होतो. अट १८ ची असेल तर पंचविशीच्या आतल्या दिसणाऱ्यांकडेच कागदपत्र मागून निभावतं. अट १६ ची असेल तर सतरा वर्षांचा मुलगा अडकतो, आणि त्याच्याकडे बऱ्याचदा दाखवायला ओळखपत्रच नसतं. म्हणून पर्यायी मार्ग आणि अपील हवंच. साठवायचं फक्त ‘१६ पूर्ण: हो किंवा नाही’. वय तपासायला घेतलेली सेल्फी खोडली तरी ती बॅकअपमध्ये आणि लॉगमध्ये (सिस्टिमच्या नोंदींत) राहू शकते. वय तपासून देणाऱ्या कंपनीशी होणाऱ्या करारात या दोन्हींची नावं घालून घ्यावीत.

पालकांच्या संमतीतून बहुधा एवढंच ठरतं की समोरची व्यक्ती प्रौढ आहे. ती पालक आहे हे नाही. शिवाय त्रास घरातूनच होत असेल तर? थेट मुलांसाठी असलेल्या समुपदेशनाला अशी संमती लागू नये, असं युरोपच्या जीडीपीआर या डेटा-संरक्षण कायद्याच्या प्रस्तावनेतच म्हटलं आहे.

शब्दांवर चालणारे फिल्टरही तपासावेत. ‘स्तन’ अडवलं की स्तनाच्या कर्करोगाची माहितीही अडते.

मुलांचं मत घेणं बालहक्क कराराच्या कलम १२ नुसार आवश्यकच. ‘सुरक्षित वाटतं का?’ विचारलं की ‘हो’ येतं. त्यापेक्षा फोन हातात द्या आणि म्हणा, ‘तक्रार करून दाखव.’ बटण सापडलं तरी बोट थांबतं: तक्रार मी केली हे, ज्याच्याविरुद्ध केली त्याला कळेल का? याचं उत्तर मदतपानावर नको, ‘पाठवा’च्या अगदी वर हवं.