समोरच्या गॅलरीतून

"आधी पुस्तक वाचू की आधी सिनेमा बघू?" मुलुंडच्या एका वाचनालयात मी संध्याकाळी पुस्तकं बदलून देते. तिथे हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच. एरवी मी म्हणते, जे आधी मिळेल ते. पण गोष्ट एकट्या पडलेल्या माणसाची असली, तर आधी पुस्तकच वाचा.

पुस्तकातला एकटा माणूस तुमच्याशी बोलत असतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) माणदेशातल्या धनगरवस्तीवर आलेला तरुण मास्तर स्वतःच सगळं सांगतो. सोबतीला तुम्ही असता, म्हणून तो एकटा वाटत नाही. अमोल पालेकरांच्या १९९५ च्या सिनेमात तोच मास्तर लांबून दिसतो, त्याच्याभोवती उघडा माळ. दुष्काळाने वाडी उठते तेव्हा पुस्तकात मला वाईट वाटलं होतं, सिनेमात भीती वाटली.

'सांगत्ये ऐका'चं तर मला फारच लागतं. अभिनेत्री हंसा वाडकरांचं हे आत्मकथन अरुण साधूंनी शब्दांकित केलं. नावातच 'ऐका' आहे. बाई भडाभडा बोलते, समोर ऐकणारा आहे, आणि तिची घुसमट वाचतानाही मनात येतं, चला, निदान बोलली तरी. श्याम बेनेगलांनी त्यावरून १९७७ साली 'भूमिका' केला. शेवटी स्मिता पाटील हॉटेलच्या खोलीत एकटी असते आणि फोन वाजतो. पुस्तकभर बोलणारी ती बाई इथे गप्प आहे. पुस्तक न वाचता सिनेमा बघितला तर ही शांतता नुसती शांतता वाटेल. वाचून बघाल तर कळेल, कुठला आवाज बंद झालाय.

हे मला सिनेमाने शिकवलं असं नाही. आई गेल्यावर बाबा गिरगावातल्या चाळीत एकटेच राहिले. रोज रात्री फोन करायचे. भाजी काय आणली, नळाला पाणी किती वाजता आलं, खालच्यांच्या नातवाने काय दंगा केला, सगळं सांगायचे. "मी मजेत आहे गं." मला ते खरं वाटायचं. आवाज खणखणीत होता.

एका रविवारी डबा द्यायला मी चौकापलीकडच्या काकूंकडे गेले होते. त्यांच्या गॅलरीतून आमची खोली समोर दिसते. बाबा दारात स्टुलावर बसून तांदूळ निवडत होते. ताटात जेमतेम मूठभर तांदूळ. दाणे एका बाजूला सारून झाले की सगळे परत मध्ये ओढायचे आणि पुन्हा पहिल्यापासून निवडायला लागायचे. असं तीनदा. गॅलरीतून माणसं जात-येत होती, बाबा मान वर करत नव्हते. त्या घरात मी जन्मले, वाढले, पण बाबांना इतक्या लांबून कधी बघितलंच नव्हतं.

काकू चहा घे म्हणत होत्या. मी तशीच निघाले, जिना उतरून, चौक ओलांडून.

"एवढा वेळ कुठे होतीस?" बाबांनी विचारलं.

मी खाली बसले, ताट माझ्याकडे ओढलं आणि त्यांनी निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला घेतले.