देणगीतून पगार कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. वैद्यकीय संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या एका धर्मादाय संस्थेत मी मनुष्यबळाचं काम बघते, हे कळलं की प्रश्न ठरलेला: “आम्ही दिले ते संशोधनासाठी, तुम्ही पगारात कसे घालवता?” सूर प्रेमळ असतो, रोख मात्र आमच्या खुर्च्यांवर.

एखाद्या प्रकल्पाचं अंदाजपत्रक उघडून बघा. यंत्रं आणि रसायनांपेक्षा मोठी रक्कम सहसा पगारांचीच: संशोधक, तंत्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ, संशोधन परिचारिका. यातले बरेचजण आमच्या हजेरीपटावरही नसतात. नेमणूक विद्यापीठाची किंवा रुग्णालयाची, पैसा आमचा.

खरं दुखणं आहे ते मुदतीचं. समजा, अनुदान तीन वर्षांचं आहे. जाहिरात, मुलाखती, उमेदवाराचा आधीच्या नोकरीतला नोटिशीचा काळ, रुग्णालयाच्या परवानग्या यांत सुरुवातीचे महिने जातात. शेवटच्या वर्षी तोच माणूस पुढची नोकरी शोधायला लागतो. का शोधू नये? घरभाडं तर दर महिन्याला येतंच. तो गेला की उणे ८० अंशांच्या फ्रीजरमधल्या नमुन्यांच्या नळ्यांवर लेबलं राहतात, पण कुठली नळी गोठवायला उशीर झाला होता, कुठल्या तुकडीवर विसंबू नये, हे नोंदवहीत नसेल तर त्याच्याबरोबरच जातं. नव्या माणसाने तेच प्रयोग पुन्हा करायचे. हा खर्च कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही, म्हणून कुणाला सलतही नाही. मला सलतो.

“मग स्वयंसेवक घ्या ना!” घेतोच की. निधी गोळा करायला ते असतात आणि अर्जांची छाननी करणारे बाहेरचे तज्ज्ञही पुष्कळदा मानधनाशिवाय रात्री जागतात. पण औषधाच्या चाचणीत रुग्णाला गंभीर त्रास झाला, तर ते प्रायोजकाला, म्हणजे चाचणीची जबाबदारी घेणाऱ्या संस्थेला, ताबडतोब, बहुतेक ठिकाणी २४ तासांच्या आत कळवावं लागतं. रविवार असला तरी. हे काम ‘सवड मिळाली की करते’ म्हणणाऱ्यावर टाकता येत नाही.

राहिली निधी जमवणारी पगारी माणसं. त्यांचा राग सगळ्यांनाच येतो. २०२० मध्ये कोरोनामुळे कॅन्सर रिसर्च यूके या ब्रिटनमधल्या कर्करोग-संशोधनाच्या धर्मादाय संस्थेची निधीसाठी चालवलेली दुकानं बंद ठेवावी लागली, निधीसाठीच्या शर्यती रद्द झाल्या. संस्थेने सुमारे ५०० पदं कमी करण्याचं जाहीर केलं, आणि संशोधनावरच्या खर्चालाही कात्री लागली. दुकानातला गल्ला आणि प्रयोगशाळेतली खुर्ची यांच्यात इतकंच अंतर असतं.

‘प्रशासनावर किती टक्के?’ हे जरूर विचारा, पण त्याने फार काही कळत नाही. कमी टक्के दाखवायचे तर प्रशिक्षणावरचा खर्च छाटला की झालं. त्यापेक्षा हे विचारा: अनुदान संपल्यावर त्या कामातली किती माणसं संशोधनात टिकली? हा आकडा वार्षिक अहवालात छापा, म्हणून मी आमच्या विश्वस्तांच्या मागे लागले आहे. देणगीदारांनीही मागितला तर जरा लवकर छापतील.