तुम्ही विचारलंत म्हणून: अमेरिकेतल्या शाळेत एखाद्या धड्याला 'नको' म्हणता येतं का?

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शाळा उघडल्या की अमेरिकेतले मराठी पालक हा प्रश्न हमखास विचारतात. पब्लिक स्कूलमधला, म्हणजे सरकारी शाळेतला, एखादा धडा आमच्या मुलाला नको असेल, तर त्याला त्या तासापुरतं बाहेर बसवता येतं का? काही धड्यांच्या बाबतीत येतं, बहुतेकांच्या बाबतीत येत नाही, आणि कोणत्या धड्याला कोणता नियम लागतो हे बरंचसं तुमच्या राज्यावर अवलंबून असतं. त्यामुळे टेक्सासमधल्या डॅलसच्या मैत्रिणीने दिलेला नकाराच्या पत्राचा मसुदा न्यू जर्सीत जसाच्या तसा चालेलच असं नाही.

सर्वांत सोपं प्रकरण लैंगिक शिक्षणाचं. बऱ्याच राज्यांत त्यासाठी ऑप्ट-आउटचा, म्हणजे मुलाला वगळू देणारा, स्पष्ट कायदा आहे. कॅलिफोर्नियात हे शिक्षण मिडल स्कूलमध्ये एकदा आणि हायस्कूलमध्ये एकदा तरी द्यावंच लागतं. शाळा वर्षाच्या सुरुवातीला पालकांना कळवते, साहित्य बघू देते, आणि लेखी नकार आला तर मुलाला वगळते. कारण द्यावं लागत नाही. बाहेरचा वक्ता मागाहून ठरला, तर किमान 14 दिवस आधी कळवणं बंधनकारक आहे. अडचण अशी, की तुम्ही गप्प राहिलात तर तो होकार धरला जातो आणि ही सूचना शाळेच्या पोर्टलवरच्या चाळीस कागदांत दडलेली असते. न्यू जर्सीत सहीचं निवेदन द्यावं लागतं आणि त्यात हा भाग आपल्या सदसद्विवेकाला किंवा नैतिक-धार्मिक श्रद्धांना धरून नाही, असं लिहावं लागतं.

शाकाहारी आणि जैन घरांतून विचारला जाणारा प्रश्न म्हणजे जीवशास्त्रातलं बेडकाचं विच्छेदन. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी अशा राज्यांत विद्यार्थ्याला नकाराचा हक्क कायद्यानेच दिला आहे. कॅलिफोर्नियात पालकांची चिठ्ठी लागते आणि तितक्याच वेळाचा, तितक्याच कष्टाचा पर्यायी प्रकल्प शिक्षकांशी बोलून ठरतो. विच्छेदनाच्या आदल्या दिवशी चिठ्ठी पाठवली तर शिक्षकाकडे पर्याय तयार नसतो. वर्षाच्या पहिल्या पंधरवड्यातच बोलून ठेवा.

आता अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2025 च्या निकालाबद्दल, कारण त्याच्याविषयी गैरसमज फार आहेत. मेरीलँडमधल्या माँटगोमेरी काउंटीने 2022 मध्ये समलिंगी आणि ट्रान्सजेंडर पात्रं असलेली काही गोष्टींची पुस्तकं लहान वर्गांच्या भाषा-अभ्यासक्रमात घेतली. सुरुवातीला पालकांना आधी कळवलं जाई आणि मुलांना वगळण्याची मुभा होती. मार्च 2023 मध्ये शाळा मंडळाने ती काढून घेतली. मुस्लिम, कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन पालक कोर्टात गेले. 27 जून 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'महमूद विरुद्ध टेलर' या खटल्यात 6 विरुद्ध 3 मतांनी त्यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला: खटला चालू असेपर्यंत ही किंवा अशी पुस्तकं वापरण्याआधी त्या पालकांना कळवा आणि मुलांना वगळू द्या.

या निकालाचा पाया धर्मस्वातंत्र्य आहे. आमिश या ख्रिश्चन पंथातल्या पालकांच्या 1972 च्या खटल्याचा आधार त्यात घेतला आहे. 'हा विषय आम्हाला पटत नाही' किंवा 'हे राजकीय वाटतं' एवढ्यावर तो लागू होत नाही. पुस्तकं अभ्यासक्रमातून काढून टाका, असंही न्यायालयाने म्हटलेलं नाही. तुमचा आक्षेप धार्मिक असेल तर तो कोणत्या श्रद्धेशी, कोणत्या मजकुरामुळे भिडतो हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर या निकालाचं नाव पत्रात घालू नका. उसनं कारण मुलालाच अडचणीत आणतं.

आधी मजकूर बघा, मग पत्र लिहा. अभ्यासक्रमातलं साहित्य मागून बघण्याचा हक्क पालकांना संघराज्याच्या कायद्यानेच आहे. याच कायद्याखाली धर्म, उत्पन्न, राजकीय मतं, मानसिक आरोग्य, लैंगिक वर्तन अशा आठ विषयांवरच्या सर्वेक्षणांतूनही मुलाला वगळता येतं. हे फारच कमी पालकांना ठाऊक असतं.

पत्र ईमेलने शिक्षकांना आणि प्रिन्सिपलना एकदमच पाठवा. मुलाचं नाव, इयत्ता, पुस्तक किंवा धड्याचं नाव, तारीख माहीत असल्यास तारीख, कोणत्या कायद्याच्या आधारे, पर्यायी काम काय द्याल, आणि लेखी उत्तराची विनंती. एवढं पुरे. 'कोणताही आक्षेपार्ह विषय' असं मोघम लिहिलं की शिक्षकाला काय टाळायचं तेच कळत नाही आणि पत्र फायलीत पडून राहतं. संपूर्ण विषयच नको म्हणणं तर बहुधा फेटाळलंच जातं. टेक्सासचा कायदा धार्मिक किंवा नैतिक कारणाने तात्पुरतं वगळू देतो, पण परीक्षा टाळायला किंवा अख्ख्या सत्रासाठी एखादा विषय सोडायला नाही. हायस्कूल उत्तीर्ण होण्याच्या अटीही तशाच राहतात.

सहावीच्या प्राचीन भारताच्या धड्यात चुकीची माहिती आहे म्हणून मुलाला बाहेर बसवणं मला योग्य वाटत नाही. चूक तिथेच राहते, बाकीचा वर्ग तीच वाचतो. तिथे पान क्रमांकासह स्कूल डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे तुमच्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या संस्थेकडे, साहित्याच्या फेरविचाराचा अर्ज करावा.

आणि त्या तासात मूल कुठे बसणार, हे पत्र पाठवण्याआधीच विचारा. ग्रंथालयात की ऑफिससमोरच्या बाकावर? काम कोण देणार, गुण कशाचे? सात वर्षांच्या मुलाला सगळ्यांसमोर उठून जावं लागलं तर ते शिक्षेसारखं वाटतं. तास सुरू होण्याआधीच दुसऱ्या वर्गात पाठवा, असं सुचवा. शाळा हे सहसा मान्य करतात. शाळा बदलली किंवा नवं वर्ष सुरू झालं, की पत्र पुन्हा द्या. जुना नकार पुढे आपोआप चालू राहील असं धरून चालू नका.